दुसऱ्या माणसाचा पगार

कर्जत आणि खालापूर तालुक्यांतील फार्महाऊस, बंगले व व्हिला यांच्या मालक भगिनी-बंधूंस,



किमान वेतनाची चर्चा पुन्हा सुरू झाली आहे. संसदेने २०१९ साली मंजूर केलेली वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अमलात आली. तेव्हापासून कारखानदार, कंत्राटदार आणि कामगार संघटना आपापली बाजू मांडत आहेत. या चर्चेत तुमचा उल्लेख कुठेच येत नाही. खोपोली किंवा सावरोलीच्या कारखानी पट्ट्यात तुमची शेड नाही, तुमच्या दारावर हजेरीचं यंत्र नाही, त्यामुळे हा विषय आपला नव्हे असं तुम्हालाही वाटत असावं. पण तुम्ही मालक आहात. जमिनीचे तर आहातच, माणसं कामाला ठेवणारेही आहात. म्हणून हे पत्र तुम्हाला.

मी कर्जत तालुक्यातला भातशेतकरी. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला, त्यानंतर नेरळ, कशेळे, कडाव, खांडस, इकडे चौक, वावोशी, खालापूर या भागांत शेतं कशी विकली गेली आणि त्यांवर बंगले कसे उभे राहिले ते मी पाहिलं आहे. तुमच्या येण्याला माझा विरोध नाही. इथली हवा, डोंगर आणि पाऊस ही कुणा एकाची मालमत्ता नव्हे. तुमच्यामुळे गवंड्याला, सुताराला, भाजीवाल्याला, रिक्षावाल्याला काम मिळालं हे खरं आहे आणि ते मी मान्य करतो. मला बोलायचं आहे ते तुमच्या बंगल्यात राहणाऱ्या जोडप्याविषयी.

बंगल्यावर माणूस हवा असला की आमच्याकडे निरोप येतो : जोडपं पाहिजे, राहण्याची सोय आहे. एकटा पुरुष नको असतो, तो टिकत नाही, दारू पितो असं सांगतात. एकटी बाई कुणी ठेवत नाही. जोडपं हवं आणि पगार ठरतो पुरुषाशी. नाव त्याचं, फोन नंबर त्याचा, पैसे त्याच्या हातात. बोलणी चालू असताना ती मागे उभी असते.

मग कामाची वाटणी होते. तो फाटक उघडतो, झाडांना पाणी घालतो, गवत कापतो, बोअरची मोटर चालू-बंद करतो, जनरेटर बघतो, पोहण्याच्या टाकीत औषध टाकतो, कुत्र्यांना जेवण देतो, रात्री जागतो. ती सहा खोल्या झाडते-पुसते, संडास-बाथरूम धुते, चादरी आणि अभ्रे धुऊन वाळवते, भांडी घासते. पाहुणे आले की तांदळाच्या भाकऱ्या थापते, चुलीवर गावठी कोंबडीचा रस्सा करते आणि पाहुण्यांची पोरं टाकीत उतरली की त्यांच्यावर लक्षही ठेवते. तुमचा बंगला राहण्याजोगा ठेवण्याचं निम्म्याहून अधिक काम ती करते. तिचा पगार किती, असं विचारलं तर उत्तर येतं : दोघांचा मिळूनच दिला आहे.

हा मिळून दिलेला पगार तुम्ही स्वतःच मोजून पाहावा. समजा, जोडप्याला महिन्याला १२,००० रुपये देता. माणशी ६,००० झाले, दिवसाचे २००. महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाचा दर २०२५-२६ साठी ३१२ रुपये रोज असा ठरला होता. त्या दराला कुणी चैनीचा आकडा म्हणणार नाही. कामगार संघटना तर तो अपुराच म्हणत आल्या आहेत. आठवड्याची सुट्टी सोडून २६ दिवस धरले तरी त्या दराने एका माणसाचे ८,११२ आणि दोघांचे १६,२२४ रुपये होतात. तुमच्याकडे सुट्टी नाही आणि कामाचे तास मोजलेले नाहीत. तुमचा आकडा १२ हजारांहून मोठा असेल तर आनंदच आहे, पण तोही दोनाने भागून पाहा.

किमान वेतन ठरतं कशावरून, हे इथे सांगायला हवं. १९५७ साली पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने एक हिशेब मांडला. कामगाराचं कुटुंब म्हणजे तीन खाणारी माणसं धरायची : नवरा १, बायको ०.८, दोन मुलं प्रत्येकी ०.६. माणशी २,७०० उष्मांकांचं अन्न, कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, घरभाडं, आणि जळण-दिवाबत्तीसाठी आणखी काही. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रेप्टाकोस ब्रेट खटल्यात त्यात शिक्षण, औषधपाणी, सण-समारंभ, म्हातारपण यांसाठी आणखी २५ टक्के मिळवायला सांगितले. या हिशेबात बायको खाणारी आहे, मिळवती नाही. म्हणजे एका माणसाच्या मजुरीवर चौघांचं घर चालावं, हे किमान वेतनाचं मूळ गृहीतक आहे. तुम्ही त्याच एका मजुरीत मिळवती माणसं दोन घेतली. कुटुंबाचं पोट भरण्यासाठी ठरवलेली रक्कम दोघांच्या श्रमाची किंमत म्हणून वापरली. तीही बहुतेक वेळा पूर्ण नाही.

आकडा किती असावा यावर वाद आहे आणि तो चालत राहील. केंद्राने २०१७ साली १७६ रुपये रोज असा राष्ट्रीय तळदर सुचवला. अनुप सत्पथी यांच्या तज्ज्ञ समितीने २०१९ मध्ये, जुलै २०१८ च्या किमती धरून, ३७५ रुपयांची शिफारस केली आणि कुटुंबाची खाणारी माणसं तीनऐवजी ३.६ धरावीत असं सांगितलं. ती शिफारस मागे पडली. अर्थशास्त्रज्ञांमध्येही एकमत नाही. मजुरी वाढवली की माणसं कमी केली जातात, असं म्हणणारे आहेत. डेव्हिड कार्ड आणि अॅलन क्रूगर यांनी अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात १९९२ साली झालेल्या वाढीनंतर खाद्यगृहांतला रोजगार तपासला आणि तो घटल्याचं त्यांना दिसलं नाही. कार्ड यांना २०२१ मध्ये नोबेल मिळालं, वाद तरीही मिटला नाही. पण तुमच्या बाबतीत हा वाद फारसा लागू पडत नाही. तुमच्या आवारातलं गवत मुंबईत बसून कापता येत नाही आणि चादरी पुण्याहून धुता येत नाहीत. माणूस तुम्हाला लागणारच आहे. प्रश्न एवढाच, की लागणारी माणसं दोन असताना पगार एकाचा का.

आता कायद्याबद्दल. घरगुती काम कायद्यात बसत नाही असं तुमच्यापैकी काहींनी मला सांगितलं आहे. महाराष्ट्रात २००८ पासून घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा आहे, पण तो मजुरीचा दर ठरवत नाही, हे खरं. तरी वेतन संहिता एकदा वाचा. शेती किंवा घरकामासाठी पाचपेक्षा जास्त माणसं न ठेवणाऱ्या मालकाला तिने नोंदवही आणि वेतनचिठ्ठी यांतून सूट दिली आहे, पण निरीक्षकाने मागितलं तर वेतन दिल्याचा वाजवी पुरावा दाखवावा लागेल असंही त्याच कलमात म्हटलं आहे. कमी वेतन दिल्याची तक्रार झाली तर वेतन दिलं हे सिद्ध करण्याचा भार मालकावर आहे, आणि दावा तीन वर्षांपर्यंत करता येतो. ज्यांचा बंगला शनिवार-रविवारी भाड्याने जातो, त्यांना तर घरगुतीपणाचा आडोसाच घेता येणार नाही. तो धंदा आहे आणि तिथे राबणारी माणसं त्या धंद्यातले कामगार आहेत.

राहायला खोली दिली, वीज-पाणी फुकट दिलं, ते पगारातच धरा, असंही म्हटलं जातं. १९४८ च्या किमान वेतन कायद्याने घर, वीज आणि पाणी यांची किंमत वेतनाच्या व्याख्येतून बाहेर ठेवली होती, नव्या संहितेनेही ती बाहेरच ठेवली आहे. आणि कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी ती खोली कशासाठी आहे? रात्री दोन वाजता तुमच्या गाडीचा हॉर्न वाजला की फाटक उघडायला माणूस जवळ हवा म्हणून.

१९८२ मध्ये दिल्लीच्या आशियाई खेळांच्या बांधकामांवरच्या मजुरांचा खटला सर्वोच्च न्यायालयात आला. न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी निकाल दिला की किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर काम करून घेणं म्हणजे राज्यघटनेच्या २३ व्या कलमाने मना केलेली वेठ आहे. भूक आणि गरिबी यांची सक्तीही सक्तीच, असं न्यायालयाने मानलं. आणि हे कलम फक्त सरकारविरुद्ध चालत नाही, खासगी माणसाविरुद्धही चालतं. वेठ हा शब्द तुम्हाला कडक वाटेल. तो माझा नाही, न्यायालयाचा आहे.

आमच्या शेजारच्या, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, तलासरी-डहाणूच्या भागात, लग्नगडी असत. लग्नासाठी सावकाराकडून पैसे घेतले की नवरा-बायको दोघेही त्याच्या घरी राबायचे, फेड कधी पुरी होत नसे. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेचं अधिवेशन झालं, तिथे वारली बांधव गेले आणि त्याच वर्षी गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली त्यांनी वेठ नाकारली. दिवसाला बारा आणे मजुरी, ही त्यांची एक मागणी होती. १९४६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं सांभाळत असताना किमान वेतनाचं विधेयक मध्यवर्ती विधिमंडळात आलं आणि १९४८ मध्ये त्याचा कायदा झाला. तुम्ही सावकार आहात असं मी म्हणत नाही. पण दोघांना एका नावावर राबवण्याची रीत किती जुनी आहे आणि ती मोडण्यासाठी कुणी काय सोसलं, हे इथे जमीन घेणाऱ्याला माहीत असलं पाहिजे.

ही रीत आज सर्वांत उघड दिसते ती वीटभट्टीवर. तिथेही माणूस मोजत नाहीत, जोडी मोजतात. मुकादम वाडीवर येतो, जोडीमागे उचल देतो, दिवाळीनंतर कातकरी कुटुंबं पोराबाळांसह भट्टीवर जातात. माती मळायची, विटा थापायच्या, दर हजार विटांवर. आठवड्याच्या बाजाराला खर्ची मिळते. पावसाच्या तोंडावर हिशेब होतो आणि उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या सालावर जाते. वहीत नाव पुरुषाचं असतं. थापलेल्या विटांतल्या किती बायकोच्या, किती पोरांच्या, हे कुठेही लिहिलेलं नसतं. वेठबिगार निर्मूलनाचा कायदा १९७६ चा आहे. त्यानुसार अशी माणसं शोधून सोडवण्याची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांवर आणि दक्षता समित्यांवर आहे. कर्ज वेठीचं नाही हे सिद्ध करण्याचा भार कर्ज देणाऱ्यावर आहे. त्या यंत्रणेला स्वतंत्र पत्र लिहावं लागेल. इथे भट्टीचा विषय काढला तो दोन कारणांनी. एक म्हणजे तुमच्या बंगल्याच्या लाल विटांच्या भिंती अशाच जोड्यांनी थापलेल्या असतात. दुसरं म्हणजे भट्टीला कंटाळलेलं जोडपं तुमच्या बंगल्यावर येतं ते काही वेगळं मिळेल या आशेने. पोरांची शाळा बुडणार नाही, गावाजवळ राहता येईल, एवढ्यासाठी ते कमी पैशांतही हो म्हणतात. त्या होकाराला तुम्ही बाजारभाव समजता.

कातकरी समाज हा महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिवासी गटांपैकी एक आहे. खैराच्या झाडापासून कात काढणारे म्हणून त्यांचं हे नाव पडलं. जंगल सुटलं, जमीन बहुतेकांच्या नावे कधी नव्हतीच. कित्येक वाड्या दुसऱ्याच्या मालकीच्या जागेवर वसलेल्या आहेत आणि जमिनीचा भाव चढला की मालकाची नजर आधी त्या वाडीवर पडते. या भावाशी तुमचा संबंध आहे. ज्याच्या पायाखालची जागा उद्या आपली राहील की नाही हे ठाऊक नाही, तो पगारासाठी घासाघीस करू शकत नाही.

घरच्यासारखं वागवतो, हे वाक्य मी तुमच्यापैकी अनेकांच्या तोंडून ऐकलं आहे आणि काहींच्या बाबतीत त्यामागची माया खरी असते. दिवाळीला कपडे येतात, आजारपणात पैसे मिळतात, पोराला दप्तर मिळतं. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इरसालवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसं सापडलीच नाहीत. त्या दिवसांत मुंबई-पुण्याहून धान्य, कपडे, भांडी, पैसे यांचा ओघ लागला होता, त्यात तुमचीही मदत असेल आणि आम्ही ती विसरलेलो नाही. देण्याची वृत्ती तुमच्याकडे आहे याबद्दल मला शंका नाही. पण मदत देणाऱ्याच्या मनावर असते, मजुरी घेणाऱ्याच्या हक्काची असते. घरच्या माणसाचं नाव सातबाऱ्यावर लागतं, त्याला सुट्टी मागावी लागत नाही. त्या जोडप्याला घरचं म्हणू नका, कामगार म्हणा आणि कामगाराला जे लागतं ते द्या.

तुम्ही गावकरी तरी काय वेगळं देता, असा उलट प्रश्न तुम्ही कराल. तो रास्त आहे. आमच्या शेतीत लावणीला बाईची मजुरी गड्यापेक्षा कमी धरण्याची पद्धत आहे. १९७६ च्या समान वेतन कायद्यानंतरही ती गेली नाही. त्याविरुद्ध आमच्या गावांत बोलणं हे आमचं काम आहे आणि ते आम्ही करत राहू. पण भाताच्या दोन एकरांवर जगणाऱ्याची कुवत आणि शनिवार-रविवारसाठी दुसरं घर बांधणाऱ्याची कुवत एका मापाने मोजता येत नाही. जागतिक विषमता प्रयोगशाळेच्या २०२४ च्या अभ्यासानुसार २०२२-२३ मध्ये भारतातल्या वरच्या एक टक्का लोकांकडे देशाच्या उत्पन्नाचा २२.६ टक्के आणि संपत्तीचा ४०.१ टक्के वाटा होता. तुम्ही सगळेच त्या एक टक्क्यात असाल असं नाही. पण ही दरी कागदावर दिसते त्याहून स्पष्ट आमच्या तालुक्यांत दिसते, कारण इथे ती एका कुंपणाच्या आत आहे. काही ठिकाणी तर ज्याने जमीन विकली तोच आज तिथे वॉचमन आहे. पाण्याचंही तसंच : आमच्याच भागातल्या मोरबे धरणाचं पाणी नवी मुंबईला गेलं. आमच्या वाड्यांवर उन्हाळ्यात बाया हंडे घेऊन चालतात आणि त्यांच्यातलीच एक तुमच्या लॉनला पाणी घालते.

माझ्या विनंत्या अवघड नाहीत. पहिली आणि मुख्य ही, की पगार दोन असावेत : दोन नावं, दोन रकमा, दोन बँक खाती. तिच्या खात्यात दरमहा पैसे जमा झाले की बाकीच्या पुष्कळ गोष्टी आपोआप बदलतात. कर्ज मागायला, पोरीची फी भरायला, नवरा पिऊन पडला तर घर चालवायला तिच्याकडे स्वतःचं काही असेल. दोन्ही पगार किमान दराच्या खाली नसावेत आणि शासन दर सहा महिन्यांनी विशेष भत्ता जाहीर करतं, त्यानुसार वाढावेत.

दुसरी, आठवड्याला एक पूर्ण दिवस सुट्टी, पगारी. शनिवार-रविवार तुम्हाला हवेत हे समजतं, मंगळवार द्या, बुधवार द्या. आज बंगला सोडून आईच्या दिवसकार्यालाही दोघांना एकत्र जाता येत नाही.

बंगला भाड्याने दिला असेल, पाहुणे रात्री एकपर्यंत जागत असतील, तर त्या जादा तासांची मजुरी कायद्याप्रमाणे दुप्पट द्या. पाहुण्यांनी हातावर ठेवलेली नोट तुमच्या हिशेबात धरू नका. माणसं एजंटामार्फत किंवा व्हिला चालवणाऱ्या कंपनीमार्फत ठेवली असतील तर त्यांच्या हातात खरोखर किती पडतं हे त्यांना स्वतः विचारा, एजंट समोर नसताना.

लग्नाला किंवा दुखण्याला उचल दिलीत तर ती कागदावर लिहा, किती दिली आणि दरमहा किती वळती होते ते दोघांना वाचून दाखवा. उचल फिटेपर्यंत जायचं नाही, ही अट कधीही घालू नका. तिथून पुढचं सगळं वेठीत जमा होतं.

गवत कापताना घोणस निघते, ओल्या हाताने मोटर चालू करताना झटका बसतो, शोषखड्ड्यात उतरून माणूस गुदमरतो. गमबूट, हातमोजे, विजेची तपासणी आणि दोघांच्या नावे अपघात विमा यांचा वर्षाचा खर्च तुमच्या एका सहलीपेक्षा कमी असेल. शोषखड्ड्यात माणूस उतरवूच नका, यंत्र मागवा.

या गोष्टी एकेकट्या मालकाला जड जातील याची मला जाणीव आहे. मी जास्त दिले तर शेजारचा नाराज होतो, असं एकाने मला सांगितलं होतं. म्हणून शेवटची विनंती तुमच्या सोसायट्यांना आणि वसाहतींच्या समित्यांना. रस्ता, दिवे आणि सुरक्षा यांच्या बैठका तुम्ही घेताच. त्यातच एक बैठक मजुरीची घ्या. माणशी किमान दर ठरवा, ठराव लिहा आणि त्याची मराठीतली प्रत ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. दसऱ्याच्या सुमारास मुकादम उचल घेऊन वाड्यांवर येतात आणि घराघरांत ठरतं की यंदा भट्टीवर जायचं की इथेच काही बघायचं. त्याआधी तुमचा ठराव झाला तर तो त्यांच्या उपयोगी पडेल.

तुमचा शेजारी,
कर्जत तालुक्यातला एक भातशेतकरी